श्यामनं आंघोळ का केली? अवघड विषयांची पुस्तकं वर्गात वाचताना

“मॅडम, पोरगी रात्री जेवली नाही. रडत बसली होती. लेकरांना असलं कशाला वाचून दाखवता? त्यापेक्षा अभ्यासाचं घ्या की.”

सातवीतल्या एका मुलीच्या वडिलांचा हा मेसेज. त्या दिवशी मी वर्गात ‘श्यामची आई’तलं कर्जाचं प्रकरण वाचलं होतं. सावकाराचा माणूस वसुलीला दारात येतो, नको ते बोलतो, आणि श्यामच्या आईला ते ऐकून घ्यावं लागतं. वडिलांचा राग मला कळला. लेकरू उपाशी झोपलं तर कोणत्याही बापाला वाईटच वाटणार. पण त्यांचा प्रश्न एकट्याचा नव्हता. मुलांच्या पुस्तकात मरण, जात, दारू किंवा आईबापांची ताटातूट आली की पालक, शिक्षक आणि कधीकधी मुख्याध्यापकही तोच प्रश्न विचारतात. मी वीसेक वर्षं बालाघाटच्या डोंगरातल्या शाळेत मराठी शिकवते आहे. त्या वडिलांना फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहिते.

पाठ वेगळा, आख्खं पुस्तक वेगळं

आपल्या पाठ्यपुस्तकात कादंबरीचा उतारा येतो, दोन-तीन पानांचा. खाली शब्दार्थ असतात, मग स्वाध्याय. उतारा म्हणजे एसटीच्या खिडकीतून दिसलेलं गाव. देऊळ दिसतं, पार दिसतो, तोवर गाडी पुढे निघून जाते. कादंबरी वाचायची म्हणजे त्या गावात मुक्काम करायचा. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या घरी चूल उशिरा पेटते, हे मुक्कामाला राहिल्याशिवाय कळत नाही.

अवघड सामाजिक प्रश्नांच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. ‘कर्जबाजारीपणा : एक समस्या’ असा निबंध मुलं पाठ करतात आणि पेपरात उतरवून विसरतात. पण ज्या बाईला ती पंधरा दिवस रोज भेटली, जिच्या हातची अळणी भाजी घरातल्यांनी मुकाट्यानं खाल्लेली त्यांनी ऐकली, तिच्या दारात वसुलीवाला आला की वर्गात कुणी हलत नाही. मग कर्ज ही ‘समस्या’ उरत नाही, ओळखीच्या घरावर आलेला प्रसंग होतो.

कथेचा आडोसा

आता मुख्य गोष्ट. मुलांना स्वतःबद्दल बोलायला सांगितलं की ती गप्प होतात. पुस्तकातल्या मुलाबद्दल विचारलं की बोलायला लागतात. शिक्षणशास्त्रात याला ‘सुरक्षित अंतर’ म्हणतात. मला त्यापेक्षा ‘आडोसा’ हा शब्द जवळचा वाटतो.

आमच्याकडे मुलं विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला रिकामा डबा बांधून. पाणी खरं असतं, खोल असतं, नाकातोंडातही जातं. पण डबा आहे या भरवशावर पोरगं उडी मारतं. कादंबरीतलं पात्र म्हणजे हा डबा. “श्यामला त्या वेळी काय वाटलं असेल?” या प्रश्नाला उत्तर देताना मूल स्वतःच्या घरातलंच बोलत असतं, पण ते कुणालाही सिद्ध करता येत नाही. नको वाटलं तर ते कधीही “मी श्यामबद्दल बोलत होतो” म्हणून काठावर येऊ शकतं.

सगळी पद्धत या एका सोयीवर उभी आहे. मूल पाण्यात असताना आपण तो डबा सोडला, की सगळं बिघडतं. माझ्या हातून ते एकदा झालं आहे. ते पुढे सांगते.

आरसा आणि खिडकी

अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी 1990 साली एक साधी प्रतिमा मांडली. मुलांसाठी पुस्तक कधी आरसा असतं, त्यात स्वतःचं जगणं दिसतं. कधी ते खिडकी असतं, तिच्यातून दुसऱ्याचं जगणं दिसतं. काचेचं सरकतं दार ही त्यांची तिसरी प्रतिमा. त्या दारातून वाचणारा कल्पनेनं पलीकडच्या जगात पाऊल टाकतो. बिशप लिहीत होत्या ते तिकडच्या कृष्णवर्णीय मुलांना पुस्तकात स्वतःचा चेहरा सापडत नव्हता म्हणून.

माझ्या वर्गात याचा अर्थ काय? दिवाळी झाली की वर्गातली काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात. मुकादम, उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे), कोयता, कोपी (फडावरची झोपडी) हे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातले. पण आजवर किती गोष्टींत त्यांना हे शब्द भेटले? गोष्टींमधली मुलं उन्हाळ्यात मामाच्या गावाला जातात, उसाच्या फडात जात नाहीत. ज्याला आरसा कधी मिळालाच नाही, ते मूल हळूहळू समजून घेतं की आपलं जगणं पुस्तकात यायच्या लायकीचं नसावं. आणि ज्याला फक्त आरसेच मिळाले, त्याला जग आपल्या घराएवढंच वाटतं.

एकच पुस्तक एका बाकावर आरसा असतं आणि शेजारच्या बाकावर खिडकी. शिक्षकाला दोन्ही बाकांचं भान ठेवावं लागतं.

मोळी आणि आंघोळ

आता एक प्रकरण जवळून पाहू. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात ‘देवाला सारी प्रिय’ नावाची रात्र आहे. (पुस्तकात प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय. मुलांना हे फार आवडतं.) एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची लाकडांची मोळी खाली पडते. तिला ती पुन्हा उचलून घेता येत नाही. विटाळ होईल म्हणून कुणी हात लावत नाही. श्यामची आई त्याला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर चढवून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर.

माझ्या शाळेच्या दिवसांत हा प्रसंग ‘श्यामची आई किती दयाळू होती’ या एका वाक्यात संपायचा. वर्गात सावकाश वाचून दाखवला की मात्र मुलं दर वेळी एकाच जागी अडतात. आंघोळ कशाला?

इथे शिक्षकानं उत्तर द्यायची घाई केली की खेळ संपला. मी फळ्यावर दोनच शब्द लिहिते, मोळी आणि आंघोळ, आणि गप्प बसते. मग वर्ग बोलायला लागतो. कुणी म्हणतं, आईला लोकांची भीती असेल. कुणी म्हणतं, तिला ते चूक वाटतच नसेल, तिच्या आईनंही तिला तसंच शिकवलं असेल. एक मुलगा म्हणाला, “आंघोळीला सांगितलं म्हणून तर त्याला जाता आलं. नाहीतर गावानं जाऊ दिलं नसतं.” एक मुलगी म्हणाली, “मग ती चांगली का वाईट?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुस्तकात शोधा.

एकाच बाईच्या मनात दया आहे आणि विटाळही आहे. बारा वर्षांच्या मुलाला हे पेलतं का? माझा अनुभव सांगतो, पेलतं. कारण अशी माणसं त्याच्या घरातही असतात. त्याच्यावर जीव टाकणारी आजीच एखाद्याचा कप वेगळा ठेवते, हे त्यानं पाहिलेलं असतं. त्यावर बोलायची जागा मात्र त्याला कधी कुणी दिलेली नसते.

यानंतर मी एक गोष्ट सांगते. श्याम म्हणजे साने गुरुजी, जन्म 1899, दापोलीजवळच्या पालगडचे. आईच्या सांगण्यावरून आंघोळ करणारा हा मुलगा मोठा होतो आणि पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसतो. त्या आंघोळीपासून या उपोषणापर्यंत मधे काय घडलं असेल? हा प्रश्न मी सोडून देते. त्यावर पुढचे दोन तास बोलणं चालतं.

‘जात कशाला शिकवता? लेकरांना माहीतही नसतं’

हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे, आणि तो चांगल्या मनानं घेतलेला असतो. पण मुलांना माहीत नसतं हे खरं नाही. मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं. जातीची नावं शिवीसारखी वापरली जातात, बऱ्याचदा अर्थ न कळता.

यासाठी मला ‘तोत्तोचान’मधला एक प्रसंग उपयोगी पडतो. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक आपल्याकडे मराठीतही आवडीनं वाचलं जातं. ते लेखिकेच्या बालपणाच्या आठवणींचं आहे, कादंबरी नव्हे, पण मुलं गोष्टीसारखंच वाचतात. त्यात मासाओचान नावाचा एक कोरियन मुलगा आहे. तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता. रस्त्यानं चाललेल्या छोट्या जपानी तोत्तोचानवर तो त्वेषानं ओरडतो, “कोरियन!” ती घरी येऊन आईला विचारते. आईच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या मुलाला लोक सतत त्या शब्दानं हिणवत असणार, म्हणून ती एक शिवीच आहे असं त्या बिचाऱ्याला वाटतं, हे ती समजावते.

हे वाचल्यावर मी काहीच जोडत नाही. आपल्याकडेही असंच असतं, वगैरे अजिबात नाही. जपान लांब आहे, तो लांबपणा हाच आडोसा. जोडायचं काम मुलं स्वतः करतात. एकदा हे वाचून झाल्यावर सहावीतला एक मुलगा तास संपल्यावर माझ्या टेबलाशी घुटमळला आणि म्हणाला, “बाई, मीपण एकाला तसं म्हणतो. तो माझा दोस्त आहे.” एवढंच बोलून पळाला.

माझी चूक

आता ते डब्याचं. बऱ्याच वर्षांपूर्वी, हेच कर्जाचं प्रकरण. वर्ग छान रंगला होता. त्या भरात मी विचारून बसले, “तुमच्यापैकी कुणाच्या घरी उचल घेतलीय? कुणाच्या दारात असं कुणी आलंय?”

मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. सगळा वर्ग मागे वळला. त्याचा हात अर्ध्यावर थांबला, मग त्यानं डोकं खाजवल्यासारखं केलं आणि हात खाली घेतला. मी पटकन विषय बदलला, पण व्हायचं ते झालं होतं. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. घरी गेले तेव्हा त्याची आजी म्हणाली, “पोरं चिडवत्यात, बाई.” त्याचे आईबाप तेव्हा फडात होते.

तोवर तो श्यामच्या आड उभा राहून ऐकत होता. मी त्याला ओढून उन्हात उभं केलं. पुस्तकानं ते केलं नाही, मी केलं.

तेव्हापासून ठरवून टाकलंय. प्रश्न पात्राबद्दल विचारायचे. ‘तुझ्या घरी असं होतं का?’ हा प्रश्न वर्गात कधीच विचारायचा नाही. ज्या मुलाच्या घरी नुकतंच काही घडलंय त्याला आधी बाजूला घेऊन सांगायचं की उद्या गोष्टीत असं असं येणार आहे. हवं तर त्या वेळी ग्रंथालयाचं काम कर, हवं तर बस. बहुतेक मुलं बसतात. पण निवड त्यांची असते. कुणी आपणहून बोललंच तर ऐकायचं, आभार मानायचे आणि पुन्हा पुस्तकाकडे यायचं.

‘मुलं घाबरतात, रडतात, त्याचं काय?’

रडणं आणि घाबरणं यांत फरक आहे. श्यामची आई आजारी पडल्यावर रडणारं मूल घाबरलेलं नसतं, त्याला माया लागलेली असते. ते दुसऱ्या दिवशी “पुढचं वाचा” म्हणतं. घाबरलेलं मूल पुढचं नको म्हणतं, झोपत नाही, पोट दुखतं म्हणून सांगतं. तिथे थांबायला हवं.

सोसेल आणि सोसणार नाही यातली सीमा वयापेक्षा वाचण्याच्या पद्धतीवर जास्त अवलंबून असते. दुःखद प्रसंग शेवटच्या तासाला वाचायचा नाही, कारण मग मूल तो एकटं घरी घेऊन जातं. शुक्रवारी-शनिवारी तर नाहीच. सकाळी वाचायचा, म्हणजे बोलायला दिवस उरतो. त्या मुलीच्या बाबतीत माझी हीच गफलत झाली होती, मी ते प्रकरण शेवटच्या तासाला संपवलं होतं. वडिलांचं रागावणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि मी त्यांना तसं सांगितलंही. पुढच्या वेळेपासून पुस्तक सुरू करण्याआधी पालकसभेत त्यातले अवघड प्रसंग मी स्वतःच वाचून दाखवते. पालकांना अर्धवट ऐकून राग येतो. समोर बसून ऐकलं की बहुतेक जण स्वतःच्या लहानपणाचं बोलायला लागतात.

गोष्ट खरी वाटते म्हणून खरी असते का?

इथे मात्र सावध राहायला हवं. जॉन बॉइन या आयरिश लेखकाची 2006 मधली ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ ही कादंबरी जगभर शाळांतून वाचली गेली. नाझी अधिकाऱ्याचा नऊ वर्षांचा मुलगा ब्रुनो आणि छळछावणीच्या कुंपणापलीकडचा ज्यू मुलगा श्मुएल यांची मैत्री. वाचून डोळे भरून येतात. पण ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या जागेवरच्या स्मारक-संग्रहालयानं जानेवारी 2020 मध्ये जाहीरपणे सांगितलं की नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा इतिहास शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या कुणीही हे पुस्तक टाळावं. ऑशविट्झला आणलेल्या बहुसंख्य ज्यू मुलांना तिथे पोहोचताच विषारी वायूनं मारलं जात होतं. कुंपणाशी रोज निवांत गप्पा मारत बसायला तिथे वाव नव्हता. शिवाय गोष्ट अशी रचली आहे की वाचणाऱ्याच्या मनात सगळ्यात मोठं दुःख राहतं ते अधिकाऱ्याच्या मुलाचं.

तर पुस्तक निवडताना मी स्वतःला विचारते, ही गोष्ट कुणाच्या डोळ्यांनी दिसते आहे? ज्याच्यावर अन्याय झाला त्याला नाव आहे का, राग आहे का, विनोदबुद्धी आहे का, की तो फक्त दुसऱ्यानं दया दाखवावी म्हणून आणून ठेवला आहे? मोळीवाल्या म्हातारीलाही हाच प्रश्न लावता येतो. तिला नाव कुठे आहे?

‘बाई, कुणाला सांगू नका’

कधीतरी एखादं मूल आडोशातून बाहेर येतं आणि खरोखरचं काही सांगतं. त्या वेळी ‘नाही सांगणार’ असं वचन द्यायचं नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, आणि न देणं हा गुन्हा आहे. म्हणून मी आधीच सांगून ठेवते, “तुला कुणी इजा करत असेल तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल, पण कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.” 1098 हा मुलांच्या मदतीचा फोननंबर वर्गाच्या दारामागे कायम लिहिलेला असतो. ज्या शिक्षकाला ही जबाबदारी पेलणार नाही असं वाटतं, त्यानं अत्याचारावरचं पुस्तक हाती घेऊ नये. त्यात कमीपणा काही नाही.

वेळ कुठून आणायचा?

परिपाठानंतरची दहा-पंधरा मिनिटं. रोज चार-पाच पानं मोठ्यानं वाचली तर दीडशे पानांचं पुस्तक साधारण सात आठवड्यांत होतं. प्रत्येक मुलाच्या हातात प्रत हवी असंही नाही, एक प्रत आणि एक वाचणारा आवाज पुरतो. उलट ज्यांना अजून सरसर वाचता येत नाही ती मुलं यात पहिल्यांदा बरोबरीनं चर्चेत येतात.

चर्चेसाठी मी इंग्लंडचे शिक्षक-लेखक एडन चेंबर्स यांची पद्धत वापरते, 1993 च्या त्यांच्या पुस्तकातली. काय आवडलं, काय नाही आवडलं, कुठे कोडं पडलं, आणि कशाचं कशाशी नातं दिसलं. इतकंच. ‘या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न मी पूर्ण बंद केला आहे. तो विचारला की मुलं बाईंना हवं असलेलं उत्तर देतात, आणि मोळीपाशी अडलेलं डोकं ‘आपण दया दाखवावी’ म्हणून मोकळं होतं.

आणि गुण?

देऊ नका. श्यामच्या दुःखाला दहापैकी सात देता येत नाहीत. माझ्या वर्गात ‘अडल्याची वही’ असते. कोडं पडलं की त्यात लिहायचं, नाव घालायची सक्ती नाही. मी रोज घरी नेऊन वाचते आणि खाली उत्तर लिहिते.

मोळीचं प्रकरण झालं त्या आठवड्यात वहीत एका ओळीचा प्रश्न होता. निळ्या पेननं, अक्षर बारीक: “त्यानं नंतर आंघोळ केली हे त्या म्हातारीला माहीत असेल का?”

इतकी वर्षं मी हे प्रकरण वाचते आहे, पण मी कायम श्यामच्या घराच्या बाजूनंच उभी होते. त्या रात्री मला उत्तर सुचलं नाही. मी खाली लिहिलं, “मला माहीत नाही. उद्या वर्गाला विचारू का?”

दुसऱ्या दिवशी त्याखाली त्याच अक्षरात होतं, “विचारा. पण हे कुणी लिहिलं ते शोधू नका.”